सासूबाईंचं मूळ गाव शोधताना: विनिपेग ते किल्डोनन

आमच्या कॅनडातल्या विनिपेगमध्ये रेड नदीजवळ ब्राँझचा एक पुतळा आहे. पुढे बघत निघालेला बाप, त्याच्याकडे मान वर करून बघणारा मुलगा आणि तान्हं छातीशी धरून मागे वळून बघणारी आई. शिल्पकार जेराल्ड लेंग. याच पुतळ्याची जोडी स्कॉटलंडच्या उत्तरेला हेल्म्सडेल गावात आहे, २००७ मध्ये उभारलेली. माझ्या सासूबाई सदरलँड घराण्यातल्या, त्यांचे पूर्वज त्याच भागातून इथं आले. "ती बाई मागे वळून काय बघते, ते मला एकदा बघायचंय," हे त्या माझ्या लग्नापासून म्हणत होत्या. यंदा मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघी जाऊन आलो. आपली बरीच मुलंमुली आता अशा घरांत नांदतात, त्यांतल्या कुणाला उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते.

किल्डोनन म्हणजे हेल्म्सडेल नदीची दरी. जमीन सदरलँडच्या काउंटेसची, कसणारी कुळं पिढ्यान्‌पिढ्यांची. मेंढ्यांत जास्त पैसा दिसू लागला तशी इस्टेटीनं माणसं उठवायला सुरुवात केली. त्यांना समुद्रकाठी जमिनीचे लहान तुकडे द्यायचे आणि मासेमारीला लावायचं, असा बेत होता. १८१३ मध्ये किल्डोननच्या लोकांनी विरोध केला, तर सैन्य आलं. त्याच साली लॉर्ड सेलकर्क या स्कॉटिश उमरावानं रेड नदीकाठच्या आपल्या वसाहतीत जमीन देऊ केली. सातशेच्या आसपास लोकांनी नावं दिली, जागा मिळाली जेमतेम शंभरेकांना. ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस बंदरातून जहाज सुटलं, वाटेत टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) पसरला, आणि हडसन उपसागरावरच्या यॉर्क फॅक्टरी या व्यापारी ठाण्याऐवजी त्यांना पार उत्तरेच्या चर्चिल या ठाण्यावर उतरवलं. तिथं हिवाळा काढून १८१४ च्या एप्रिलमध्ये त्यांतले धडधाकट होते ते बर्फातून पायी निघाले. बरोबर एक बॅगपाइप वाजवणारा होता. विनिपेगच्या एका भागाला आजही किल्डोनन म्हणतात. स्कॉटलंडमधल्या मूळ किल्डोनन पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची) वस्ती १८११ मध्ये १५७४ होती, १८३१ मध्ये उरली २५७.

शोध आपल्या घरापासून सुरू करा, विमानाचं तिकीट नंतर काढा. ब्रिटनमधून बाहेर गेलेल्या प्रवाशांच्या सरकारी याद्या १८९० पासूनच्याच टिकल्यात, म्हणजे त्याआधी गेलेला माणूस तिथं सापडणार नाही, तो जिथं उतरला तिथं सापडेल. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचं जुनं दफ्तर विनिपेगमध्येच आहे आणि इथल्या किल्डोननचं जुनं दगडी प्रेस्बिटेरियन चर्च, त्याची दफनभूमी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. आम्ही सहा महिने आधी तिथं बसलो, म्हणून निघताना हातात एका पूर्वजाचं नाव, अंदाजे जन्मसाल आणि त्या पूर्वजाच्या एका बहिणीचा उल्लेख होता. ती बहीण मागेच राहिली होती.

सगळा माग या बहिणीमुळे लागला. स्कॉटलंडमध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधी फक्त चर्चच्या वह्या. त्यांत नोंद करणं सक्तीचं नव्हतं, १७८३ पासून काही वर्षं नोंदीला तीन पेन्स करही होता, त्यामुळे गरिबांची नावं गळाली. १८१३ ला जो गेला त्याच्या नशिबी या वह्याच. पण जो मागे राहिला आणि १८५५ नंतर वारला, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं मिळतात, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. सुरुवातीच्या काही वर्षांच्या दाखल्यांवर तर दफन कुठं केलं तेही लिहिलेलं असतं.

एडिनबर्गला प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला जनरल रजिस्टर हाउस आहे. तिथल्या 'स्कॉटलंड्सपीपल' केंद्रात दिवसाची जागा आधी आरक्षित करा. हेच दाखले घरबसल्याही दिसतात, पण तिथं प्रत्येक पानाचे पैसे पडतात. केंद्रात एकदा दिवसाचे पैसे भरले की हवे तेवढे उघडा. किल्डोननच्या लोकांसाठी हा फरक मोठा आहे, कारण त्या दरीत आडनावं मोजकीच: सदरलँड, गन, मॅथेसन, बॅनरमन, पोल्सन, मॅकाय. नावंही आजा-आजीचीच नातवंडांना ठेवायची रीत. एकाच नावाच्या सतरा बायका निघाल्या. दुपारी तीनच्या सुमारास सासूबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. वय, बापाचं नाव, सगळं जुळत होतं, आणि आईच्या नावापुढे लिहिलं होतं 'गन'. सासूबाईंच्या वहीत वंशवृक्षाच्या त्या चौकटीत चाळीस वर्षं प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी ते खोडलं नाही, शेजारी बारीक अक्षरात 'गन' लिहिलं आणि कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. दफनाचं ठिकाण: किल्डोनन.

माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव घरात आता कुणालाच सांगता येत नाही, लग्नात नावही बदललेलं. इथं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या झोपडीत वारलेल्या बाईच्या दाखल्यावर तिच्या आईचं माहेर लिहून ठेवलंय. मला त्या कारकुनाचं फार अप्रूप वाटलं.

जाण्यापूर्वी आणखी एक करा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट बघता येतात. जनरल रॉयचा १७४७ ते १७५५ चा लष्करी नकाशा उघडा, त्यात दरीतल्या वस्त्या अजून भरलेल्या दिसतात. मग त्याच जागेचा १८७० च्या दशकातला ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, नकाशा बघा. दोन्हींची चित्रं फोनवर उतरवून घ्या, कारण दरीत रेंज नाही.

इन्व्हर्नेसहून हेल्म्सडेलला रेल्वेनं सुमारे अडीच तास लागतात. दिवसाला मोजक्या गाड्या, रविवारी त्याहून कमी. आम्ही गाडी भाड्यानं घेतली. ऑटोमॅटिक सांगूनही ऐनवेळी गिअरची हातात दिली, तेव्हा आरक्षणाच्या वेळी लेखी घ्या. हेल्म्सडेलवरून दरीत जाणारा ए८९७ रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद आहे. ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घ्यायच्या जागा असतात, तिथं पार्किंग करू नका. मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात. पेट्रोल गावातच भरून घ्या. गावातल्या टाइमस्पॅन संग्रहालयात अर्धा दिवस ठेवा, पण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आधी विचारून जा.

दरीत उतरल्यावर पडकी घरं शोधायची तर आधी हिरवळ शोधा. तपकिरी माळात मधेच गर्द हिरवा तुकडा दिसला, खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल वाढलेली दिसली, की तिथं माणसं राहत होती असं समजा. जवळ गेलं की गुडघ्याएवढी जोती दिसतात. सासूबाई एका जोत्याच्या आत उतरल्या, उंबऱ्याच्या जागी थांबल्या. एक दगड उचलून न्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं. दगड हातात घेतला, त्यावरचा पांढरा-करडा शेवाळाचा थर अंगठ्यानं चाचपला आणि होता तिथंच ठेवला. तुम्हीही काही उचलू नका. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं मोकळ्या रानात फिरता येतं, पण कुत्रं असेल तर ताब्यात ठेवायचं, फाटकं होती तशीच ठेवायची, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचे दिवस म्हणून तेव्हा इस्टेटीला विचारून जायचं. घोट्यापर्यंत येणारे पाणी न शिरणारे बूट हवेतच. जूनपासून संध्याकाळी मिज नावाची बारीक चिलटं अंग फोडून काढतात, आम्ही मेमध्ये गेलो म्हणून वाचलो.

दरीतल्या किल्डोननच्या जुन्या चर्चच्या आवारात त्या बहिणीची खूण सापडली नाही. गरिबांच्या कबरींवर नाव कोरलेला दगड क्वचितच असायचा, ही मनाची तयारी ठेवून जा. अक्षरं पुसट असतील तर दगड खरवडू नका, फोनचा दिवा अगदी बाजूनं तिरपा धरा, अक्षरं उठून येतात. तशी आम्हाला एका गन कुटुंबाची ओळ वाचता आली. आमचेच की नाहीत, ते अजून कळायचंय.

सदरलँड इस्टेटीची कागदपत्रं एडिनबर्गच्या नॅशनल लायब्ररीत आहेत. त्यांत कुळांच्या खंडाच्या याद्या असतात, म्हणजे कोणत्या वाडीत कोण राहत होतं ते कळतं. वाचकपत्र आधी काढायचं आणि पेन्सिल घेऊन जायची. पुढच्या मेमध्ये आम्ही तिथं बसणार आहोत. सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत, आणि तिकिटं त्यांनीच काढलीत.