उजवीकडे राहून गेलेला पत्ता

काकूंचा फोन आला तो सोमवारी सकाळी. "अहो, ऑफिसच्या मेलवर शनिवारपासून काहीच आलेलं नाही." मी म्हटलं, "काकू, मेल आता पुण्याला भाऊंच्या मुलाकडे जातात, फॉरवर्ड लावलाय." "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हाच सर्व्हरवरची फाइल उघडून बघायला हवी होती.

रत्नागिरीजवळच्या पावसच्या या आंबा बागायतदारांचा, म्हणजे भाऊंचा, मेल सर्व्हर मीच सांभाळतो. मुलगा पुण्यातून भाव ठरवतो, काकू इथे पेट्यांची नोंद ठेवतात. मेल दोघांनाही दिसायला हवा, एवढंच काम होतं.

सर्व्हरवर मेल पोचवणारा प्रोग्राम म्हणजे पोस्टफिक्स. कुठला मेल कुठे वळवायचा ते त्याच्या व्हर्च्युअल फाइलमध्ये असतं. मी तिथे डावीकडे ऑफिसचा पत्ता, उजवीकडे मुलाचा जीमेल लिहिला, बदल लागू करणारी पोस्टमॅप ही आज्ञा चालवली आणि निघालो. चूक तिथेच झाली. उजवीकडे जे लिहाल, मेल तेवढ्याच ठिकाणी जातो. ऑफिसचा मेलबॉक्स जागेवर असतो, जुने मेल त्यात दिसत राहतात, पण पोस्टफिक्स आधी ही फाइल बघतो आणि नवा मेल परस्पर पुढे पाठवून देतो. इथेही प्रत हवी असेल तर उजवीकडे तोच ऑफिसचा पत्ता पुन्हा लिहायचा, मग स्वल्पविराम, मग मुलाचा. मेल गोल फिरत राहील अशी भीती नवख्यांना वाटते. तसं होत नाही. पत्ता स्वतःकडेच वळला की पोस्टफिक्स तिथे थांबतो. एकेका युजरची स्वतःची मेल वळवायची डॉट-फॉरवर्ड फाइल असते, तिच्यात हेच काम युजरच्या नावाआधीची उलटी तिरपी रेघ करते. हे सगळं मला पाठ आहे. त्या शनिवारी घाईत लिहायचं राहिलं.

पुढच्या मंगळवारी भाऊंचा स्वतःचा फोन. "अक्षय्य तृतीया तोंडावर आली नि एक ऑर्डर नाही. असं कधी होत नाही रे." भाट्याचा पूल ओलांडून पावस गाठलं. शेडमध्ये बायका पेंढा पसरून बसलेल्या, पेट्या रिकाम्या. सर्व्हरवरची न पोचलेल्या मेलची रांग उघडली, तर ४१ मेल अडकलेले. कारण प्रत्येकापुढे तेच: ४५२ हा नकाराचा कोड, समोरचा मेलबॉक्स भरलाय. गूगलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, आणि मुलाच्या व्हिडिओंनी ती संपवली होती. असा नकार तात्पुरता धरला जातो, म्हणून पोस्टफिक्स ५ दिवस पुन्हापुन्हा पाठवून बघतो. तोवर पाठवणाऱ्याला काही कळवत नाही, कारण उशिराची सूचना मुळात बंदच असते. ही सोय ज्यांनी बंद ठेवली त्यांनी ऑर्डरीची वाट बघत बसलेलं दुकान कधी बघितलं नसावं.

५ दिवस उलटून पाठवणाऱ्याकडे परत गेलेले मेल लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, ९ निघाले.

मुलाने फोनवरूनच व्हिडिओ काढून टाकले, मी रांगेतले मेल पुन्हा सोडले, ४१ मेल पोचले. ओळ दुरुस्त केली. काकूंना त्यांच्या मोबाइलवरून मेल पाठवायला सांगितलं. इथे दिसला, पुण्याहून मुलगाही "आला" म्हणाला. मग लॉगमधून त्या ९ जणांचे पत्ते काढले, काकूंनी जुन्या वहीतून नंबर शोधून एकेकाला फोन लावला. ८ जण थांबले. मुंबईचे एक व्यापारी, ६० पेट्यांचे, म्हणाले, "मेल परत आला, वाटलं तुमचा माल संपला. देवगडहून घेतला."

भाऊ मला काही बोलले नाहीत. काकूंनी वहीत ६० चा आकडा लिहून त्यावर काट मारली.