वाड्याची दर्शनी भिंत आणि हेरिटेजची परवानगी: माझा अनुभव

पेठेत वाडा आहे म्हटलं की लोक आधी विचारतात, “बिल्डरला कधी देताय?” आम्ही दुरुस्त करतोय असं सांगितलं की पुढचं वाक्य येतं, “पण तुमचा तर हेरिटेजमध्ये आहे ना? मग खिळासुद्धा ठोकता येणार नाही.” हा समज इतका पक्का बसला आहे की कित्येक जण अर्जच करत नाहीत, आणि तेवढ्यात वाडा पावसात बसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचा वाडा पुण्यात कसबा पेठेत, तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. एक चौक, वर माडी, रस्त्याच्या अंगाला लाकडी हस्तांवर, म्हणजे भिंतीतून निघालेल्या आधारांवर, पुढे आलेला सज्जा आणि खाली दोन दुकानगाळे. महापालिकेच्या वारसा यादीत तो तिसऱ्या श्रेणीत आहे. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूत मजबुतीकरणापलीकडे फारसं काही करता येत नाही. तिसऱ्या श्रेणीत मात्र आतले बदल बऱ्याच प्रमाणात मान्य होतात. तिथे मुख्य प्रश्न असतो तो त्या इमारतीमुळे रस्त्याला जे रूप आलं आहे ते टिकण्याचा. हा फरक मला आधी कोणी सांगितला असता तर आमची निम्मी धास्ती तिथेच गेली असती.

दर्शनी भिंतीला पोट सुटलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक बांधकामाची नोटीस आली. अशी नोटीस आली की घरात दोनच शब्द ऐकू येतात: उतरवा किंवा विका. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी गिलावा खरवडून भिंत तपासली. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजली होती, कौलांचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरत होतं. बाकीचं सागवान ठणठणीत होतं. त्यांनी तसा लेखी अहवाल दिला, धोका कुठे आहे आणि कुठे नाही हे नकाशावर दाखवून. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोच अहवाल उपयोगी पडला. आधी टेकू लावून घेतले आणि मगच अर्जाच्या मागे लागलो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, मिळकतकर भरल्याची पावती, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. आमच्या पत्रकावर अजून आजोबांचं नाव होतं, त्यामुळे वारसनोंदीपासून सुरुवात झाली. चुलत भावंडं नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली. सगळ्यांत जास्त वेळ त्यांच्या सह्यांना लागला, परवानगीला नव्हे. भाडेकरूंशी बोलणं मी स्वतः केलं. माडीवरच्या काकू लग्न होऊन याच खोल्यांत आल्या. “दुरुस्ती म्हणून बाहेर काढाल आणि परत घेणार नाही,” ही त्यांची भीती खरी होती. पेठांमध्ये असं घडलेलं त्यांनी पाहिलं आहे. त्यांचा हक्क अबाधित राहील असं लिहून दिलं आणि काम टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं, म्हणजे कोणालाच घर सोडावं लागणार नाही.

खरा आनंद मिळाला तो नकाशांच्या कामात. अर्जासोबत वाड्याची आजची स्थिती दाखवणारे मोजमापाचे नकाशे द्यावे लागतात. आमच्या संवर्धन वास्तुविशारद बाईंनी दोन विद्यार्थ्यांना घेऊन प्रत्येक खण, प्रत्येक खांब, दिंडी दरवाज्याची चौकट, कोनाडे, देवळ्या, सगळं टेप लावून मोजलं. एकही कोपरा काटकोनात नाही हे तेव्हा कळलं. माजघराची भिंत पांढऱ्या मातीची आणि दर्शनी भिंत पक्क्या विटांची, म्हणजे रस्त्याकडची बाजू नंतर कधीतरी नव्याने बांधलेली, हेही तेव्हाच उमगलं. मी या घरात वाढलो आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. उद्या वाडा राहिला नाही तरी तो कसा होता हे त्या कागदांवरून सांगता येईल. परवानगी नको असली तरी प्रत्येक वाडेवाल्याने एवढं करून ठेवावं, असं मी कळकळीने सांगेन.

अर्ज महापालिकेच्या हेरिटेज सेलकडे गेला. तिथल्या इंजिनिअर मॅडम स्वतः पाहणीला आल्या आणि सज्जाखाली उभं राहून एकेक हस्त बघितला. त्यांच्या सूचना स्पष्ट होत्या: खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी नकोत, लाकडावरचा ऑइलपेंट काढा, दुकानांच्या पाट्यांनी सज्जा झाकू नका, आणि जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, मग जुनी वीट भुसभुशीत होऊन झडते. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. वारसा समितीपुढे आमच्या वास्तुविशारदांनी जुने फोटो आणि नकाशे मांडले. मंजुरी अटींसह मिळाली, आणि त्यातली एकही अट मला जाचक वाटली नाही. त्यानंतर बांधकाम परवानगीची वेगळी फाइल चालली.

पण कागद हातात आला तरी चुन्यात काम करणारा गवंडी कुठे होता? चुना भिजवून मुरवायचा, चाळायचा, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून मळायचा, बेलफळाचं आणि गुळाचं पाणी किती घालायचं हे हाताला कळावं लागतं. सिमेंटवर वाढलेल्या गवंड्यांना हे कोणी शिकवलेलंच नाही. शेवटी विश्रामबागवाड्यासारख्या कामांवर हात बसलेल्या माणसांची साखळी शोधत एका वयस्क मिस्त्रींपर्यंत पोचलो. १८०७ चा तो दुसऱ्या बाजीरावाचा वाडा महापालिकेने दुरुस्त करून घेतला, तेव्हा नुसती इमारत वाचली नाही, ते काम येणारे हातही टिकले. आमच्या सुताराने तुळईचं कुजलेलं टोक कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा साल-कुसवाने असा बसवला की सांधा शोधावा लागतो. अशा कारागिरांची यादी परवानगीच्या कागदाबरोबरच मालकाच्या हातात पडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते नसतील तर श्रेणी, समिती, नियम यांतलं काहीच भिंतीपर्यंत पोचत नाही.

पैशांचंही सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. दुरुस्तीचा खर्च मालकाचाच. वारसा वास्तूसाठी टीडीआरची, म्हणजे जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकण्याची, तरतूद नियमावलीत आहे, पण ती वाट आम्ही अजून धरलेली नाही. आम्ही घरातून वर्गणी काढली आणि गाळ्यांचं भाडं आधार ठरलं. एका गाळ्यात तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे. तांबट आळीत मठारलेले, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेले, बंब, घंगाळी, तांबे तिथे विकायला येतात. काम चालू असताना दुकान बंद पडू नये म्हणून आम्ही परांची अर्ध्या-अर्ध्या भागात बांधली. काम लांबलं, पण कारागिराचा माल ऐन दिवाळीत दुकानात मांडलेला राहिला. वाडा जपायचा आणि त्याच्या खालचा धंदा मारायचा, असलं संवर्धन मला मान्य नाही. आता हेरिटेज वॉकला निघालेली मंडळी सज्जा बघायला थांबतात आणि त्यातले काही जण तांब्या घेऊन जातात.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी वारसनोंद आणि सह्या सगळ्यांत आधी उरकाव्यात, स्ट्रक्चरल अहवाल पावसाळ्यापूर्वी घ्यावा आणि वास्तुविशारद निवडताना त्यांनी चुन्यात केलेलं एखादं काम प्रत्यक्ष जाऊन बघावं. आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूची फाइल आता दाखल झाली आहे. या वेळी मिस्त्रींनी दोन तरुण पोरांना हाताखाली घेतलं आहे, आणि त्यांची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरली आहे.