ओली घोंगडी आणि रॉकेल

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. थॉमसन, माणिक चमन. बहुतेक माल बेदाण्याला जातो. द्राक्ष म्हणजे गोडी आणि ती ब्रिक्समध्ये, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापात, मोजायची, एवढंच मला ठाऊक. त्यात युरोपातली पांढरी वाइन समजून घ्यायची हुक्की आली. सांगलीत शोधलं, तर जेमतेम दोन-तीन परदेशी बाटल्या.

पहिली घेतली शाब्ली, फ्रान्सची पांढरी वाइन. वाइनवरचा आयात कर कित्येक वर्षं १५० टक्के, तेव्हा किंमत सांगत नाही. घरी अजून माहीत नाही. उघडली तर रंग जुन्या मधाचा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. हीच ती थोर चव असणार, असं समजून दोन दिवस नेटाने कौतुक केलं. नंतर कळलं, बाटली ट्यूबलाइटखाली उभ्यानेच दोन उन्हाळे काढून आली होती. बूच सुकलं की हवा आत शिरते. आता लेबलवरचं साल आणि बाटलीच्या मानेतली वाइनची पातळी बघितल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही.

मग चुलतभाऊ फ्रँकफर्टहून येणार होता. विमानाने येणाऱ्याला माणशी दोन लिटर आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या! आठवडाभर यादी खोडत बसलो. शेवटी जर्मनीतल्या मोझेलची काबिनेट, म्हणजे हलकी, रीस्लिंग आणि फ्रान्सच्या लुआर नदीकाठची एक वूव्रे ठरली. वूव्रे कशाला, तर ती शेनिन ब्लां या द्राक्षाची, आणि शेनिन आपल्या नाशिकलाही होते. द्राक्ष एकच, मुलूख दोन.

वूव्रे आणि नाशिकची, दोन्ही शेनिन ओळखू येऊ नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वहिनीने ओतल्या. फ्रिजमधून काढल्या काढल्या कशालाच वास नव्हता. वीस मिनिटं तशाच ठेवल्या. मग एकीला पेरू, अननस. ती नाशिकची, लगेच ओळखली. दुसरीने पहिल्याच घोटाला कैरीसारखा जबडा आवळला. वास मधाचा, आणि मागे काहीतरी ओळखीचं, पण नाव सुचेना. रात्री अंथरुणात आठवलं: ओली घोंगडी! पावसात भिजून आलेल्या धनगराच्या खांद्यावरची. पुस्तकात तिला ओली लोकर म्हणतात, हे मागाहून वाचलं.

कारण मात्र बागायतदाराला समजण्यासारखं आहे. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी चालते, तेव्हा लुआरकाठी तोडणी चालू असते, थंडीच्या तोंडावर. गार रात्रींमुळे मण्यातला आंबटपणा टिकतो. आपला माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो. ऊन तापलं की आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून तोडणीची घाई.

रीस्लिंग सहा वर्षं जुनी होती. आबा माळकरी, पीत नाहीत, पण वास घ्यायला बोलावलं.

"रॉकेल सांडलंय का रे यात?"

मी हसत सुटलो. जुन्या रीस्लिंगला हाच वास येतो, आणि जाणकार त्यासाठी पैसे मोजतात. अल्कोहोल साडेआठ टक्के, थोडी गोड, पण आंबटपणा असा की गोडी चिकटत नाही. मला तर सांगलीच्या भडंगाबरोबर ती सुरमईबरोबर लागते त्यापेक्षा जास्त आवडली.

उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली, चार दिवस टिकली.

भाऊ डिसेंबरात परत येतोय. मी मुस्काडे, फ्रान्सचीच आणखी एक पांढरी वाइन, सांगितली आहे. दुसऱ्या बाटलीवरून अजून आमचं भांडण चालू आहे, कारण ती त्याला स्वतःसाठी हवी आहे.