शरीराची मातृभाषा

परदेशी जाण्यापूर्वी आपण तिथल्या भाषेतले चार शब्द हौसेने पाठ करतो. पण आपल्यासोबत येणारे शरीर तिथेही आपली मातृभाषाच बोलत राहणार आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. जीभ निदान सावध असते, पण मान, हात आणि पाय यांना आपण काही बोलत आहोत याचाच पत्ता नसतो.

सोफियातल्या एका कॅफेत मला साखर हवी का असे विचारले गेले, मी नेहमीसारखी मान खाली-वर हलवली, आणि कॉफी साखरेवाचून आली. बल्गेरियात मान उभी हलली की नकार आणि आडवी हलली की होकार, हे मी निघण्यापूर्वी वाचले होते. त्या वाचनाचा उपयोग काहीच झाला नाही, कारण मान हलण्यापूर्वी आपली परवानगी घेत नाही. ग्रीसमध्ये पसरलेला पंजा कोणाच्या तोंडासमोर धरणे ही शिवी मानली जाते. तिथे दुकानदाराला बोटांनी 'पाच द्या' असे सांगणाऱ्या प्रवाशाचीही हीच गत होत असावी.

प्रवासी पुस्तकांतल्या 'हे करू नका'च्या याद्यांविषयी माझी तक्रार अशी की, त्या सगळ्या नियमांना एकाच मापाने मोजतात. सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभे राहण्याचा प्रघात आहे, तर ओसाकात उजवीकडे. चुकलो तर मागच्याचा खोळंबा होतो, एवढेच. (तोक्योशेजारच्या सैतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१पासून जिन्यावर चालूच नये असा नियम केला, त्यामुळे तिथे वाट सोडण्याचा प्रश्नच उरू नये.) त्याच यादीत पुढच्या ओळीत लिहिलेले असते की, भातात चॉपस्टिक उभ्या खोवू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये. जपानमध्ये मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा उभ्या खोवलेल्या असतात, आणि दहनानंतर नातेवाईक चॉपस्टिकनेच अस्थी उचलून कलशात ठेवतात, तेव्हा काही ठिकाणी एक अस्थी एकाकडून दुसऱ्याकडे अशीच सोपवली जाते. जेवताना यजमानाचा चेहरा क्षणभर उतरला, तर त्याला आपली अजागळ बैठक खटकलेली नसते. घरातले कोणीतरी आठवलेले असते. हे कारण एकदा कळले की तो नियम पाठ करावा लागत नाही, बोटे आपसूकच थांबतात. थायलंडमध्ये मस्तक पवित्र आणि पाय सर्वांत हीन मानतात, हे ठाऊक असलेला दमलेला प्रवासीही बुद्धमूर्तीसमोर बसताना पाय मागे दुमडून घेतो.

मानेच्या बाबतीत मात्र मला असे कोणतेही कारण सापडले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी निश्चयाने तालीम करूनच त्याच कॅफेत गेलो. साखरेचा प्रश्न आला आणि मी मोठ्या कष्टाने मान आडवी हलवली. वेटर समजूतदार होता. परकी माणसे मान उलटी हलवतात हे लक्षात ठेवून त्याने माझ्या सोयीसाठी त्याचा अर्थ नकार असा घेतला, आणि सलग दुसऱ्या दिवशी कडू कॉफी माझ्यासमोर ठेवून तो अदबीने हसला. मीही हसलो आणि आभार मानताना सवयीने मान खाली-वर हलवली.