किंग जयंती, दफनभूमीत

जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. खरी जन्मतारीख 15 जानेवारी, पण इथे सुट्ट्या सोमवारला चिकटवायची पद्धत आहे. 1994 साली इथल्या संसदेने कायदा करून हा दिवस लोकांनी सेवेत घालवावा असं ठरवलं, त्यामुळे विद्यापीठांत वर्ग बंद आणि उपक्रम चालू असा प्रकार असतो. मी व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये एमएस करतोय. फ्लॅटमधल्या बाकीच्यांनी लाँग वीकएंडला न्यूयॉर्क ठरवलं, मी सेवेच्या उपक्रमाला नाव नोंदवलं. नंतर ज्युनियर मुलं सारखी विचारू लागली, "त्यात नक्की करायचं काय असतं?" म्हणून हे लिहितोय.

नोंदणी सोपी आहे. विद्यापीठाच्या पोर्टलवर ठिकाणांची यादी येते: फूड बँकेत धान्य वेगळं करणं, शाळेच्या भिंती रंगवणं, एव्हरग्रीन दफनभूमीची सफाई. छपराखालची कामं आधी भरतात, थंडीचे दिवस असतात. मला दफनभूमी मिळाली. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करायची भीती प्रत्येकाला असते, तेव्हा इंटरनॅशनल ऑफिसला आधी ईमेल केला. उत्तर आलं की संस्था ना-नफा असेल, पैसे मिळणार नसतील आणि ते काम एरवीही स्वयंसेवकच करत असतील, तर वेगळी परवानगी लागत नाही. तरी तुम्ही स्वतः विचारा, उत्तर लेखी ठेवा. मग एक हमीपत्र भरायचं: पडलो-झडलो तर जबाबदारी माझी. एवढंच.

सकाळी कामाआधी दीड तासाचं सत्र होतं. खरं सांगतो, फुकटच्या नाश्त्यासाठी वेळेवर पोचलो. किंग यांच्या 'आय हॅव अ ड्रीम' भाषणाची चित्रफीत लावतील आणि टाळ्या होतील अशी अपेक्षा होती. प्राध्यापिका बाईंनी किंगना बाजूला ठेवलं आणि बार्बरा जॉन्सपासून सुरुवात केली. रिचमंडच्या नैऋत्येला फार्मव्हिल नावाचं गाव आहे. तिथली काळ्या मुलांची शाळा 180 जणांसाठी बांधलेली, मुलं साडेचारशेच्या वर. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरायचे. 23 एप्रिल 1951 ला सोळा वर्षांच्या बार्बराने मुख्याध्यापकांना खोट्या फोनने शाळेबाहेर काढलं, सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. रिचमंडचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी खटला घेतला, पण अट घातली: नुसती नवी इमारत मागायची नाही, वेगळ्या शाळा हीच पद्धत मोडायची. शाळांतली गोऱ्या-काळ्यांची वेगवेगळी व्यवस्था घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या 'ब्राऊन' निकालात जे पाच खटले एकत्र होते, त्यातला हा एक.

इथवर गोष्ट भाषणात शोभेल अशी आहे. पुढचं मला माहीत नव्हतं. गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून फार्मव्हिलच्या काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) 1959 साली सगळ्या सरकारी शाळांना टाळं लावलं. 1964 पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळी मुलं घरी बसली.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. 1984 ते 2000 या काळात व्हर्जिनियात आजच्या सुट्टीचं नाव 'ली-जॅक्सन-किंग दिन' होतं. ली आणि जॅक्सन म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचे सेनापती. तिघांचे वाढदिवस जानेवारीतले, म्हणून एकाच सुट्टीत मोट बांधलेली! त्या सेनापतींची वेगळी केलेली सुट्टी रद्द व्हायला 2020 उजाडलं.

मग बसने एव्हरग्रीन. 1891 साली सुरू झालेली ही काळ्या लोकांची दफनभूमी, साधारण साठ एकर. तिथे पोचल्यावर आधी वाटलं चुकून जंगलात आणलंय. झाडं वाढलेली, जमिनीवर आयव्ही नावाच्या वेलीचा गालिचा, आणि मधूनच एखाद्या दगडाचा कोपरा. काम सुरू करण्याआधी एका वयस्कर काळ्या गृहस्थांनी सूचना दिल्या. त्यांची आजी तिथेच पुरलेली आहे. दगडावरची वेल हिसकायची नाही, मुळाशी कापायची आणि सुकू द्यायची, नाहीतर दगडाचा पापुद्रा निघतो. दगड पुसायला पाणी आणि मऊ ब्रश, ब्लीच किंवा तारेचा ब्रश अजिबात नाही. झाडावर चढलेली केसाळ वेल दिसली तर हात लावायचा नाही, ती पॉयझन आयव्ही. हिवाळ्यात पानं नसली तरी बिब्बा उततो तशी अंगावर उतते. नंतर वाचलं तर ती खरोखरच बिब्ब्याच्या कुळातली निघाली.

माझ्याकडे लांब दांड्याची कात्री आणि दाताळं आलं. पहिला तास पाठ धरण्यात गेला. मग दाताळ्याखाली काहीतरी खरवडलं. विकतचा संगमरवर नव्हे, घरी साच्यात ओतलेलं सिमेंट होतं, आणि ओलं असताना खिळ्याने नाव कोरलेलं. आडनाव लिहिता लिहिता जागा संपली म्हणून शेवटचं अक्षर खालच्या ओळीत उतरवलेलं. शेजारच्या दगडावर 'सेंट ल्यूक' असं होतं. ही आजारपणासाठी आणि दफनासाठी वर्गणी जमवणारी काळ्या लोकांची संस्था. ती वर आणली मॅगी वॉकर यांनी. 1903 साली त्यांनी इथेच बँक काढली, अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी ती पहिली काळी बाई. त्यांची कबरही एव्हरग्रीनमध्येच आहे, उंच क्रूस असलेली. संपादक जॉन मिचेल यांचीही. या दोघांनी 1904 साली काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या रिचमंडच्या ट्रामवर बहिष्कार घालायला लोकांना उभं केलं, म्हणजे किंग यांच्या नेतृत्वाखालच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या अर्धं शतक आधी. ट्राम कंपनीचं दिवाळं निघालं. पण 1906 मध्ये राज्याने वेगळ्या बसण्याचा कायदाच करून टाकला.

इतक्या मोठ्या माणसांची जागा अशी का? दुपारी सँडविच खाताना त्या गृहस्थांना विचारलं. इथे देखभालीचा कायम निधीच नव्हता, प्रत्येक कुटुंबाने आपापली जागा राखायची. मुलं-नातवंडं कामासाठी उत्तरेकडे गेली आणि रान माजलं. गावातल्या दक्षिणी सैनिकांच्या कबरींना मात्र राज्याचा पैसा पिढ्यान् पिढ्या मिळत आला. काळ्यांच्या जुन्या दफनभूमींना तसा पैसा देणारा कायदा झाला 2017 साली, आणि सुरुवात एव्हरग्रीन आणि तिला लागून असलेल्या ईस्ट एंडपासून झाली.

मी त्यांना जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं: 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढे आम्ही काय केलं, ते त्यांना कुणी कळवलं का रे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरी आपल्या लोकांना एक सांगावंसं वाटतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काळ्यांचं मतदान सुरक्षित करणाऱ्या मतदान हक्क कायद्यावर सही केली ऑगस्ट 1965 मध्ये, आणि त्याच चळवळीच्या लाटेत नव्या इमिग्रेशन कायद्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला 100 माणसांचा होता. अमेरिकेतली बहुतेक मराठी मंडळं त्यानंतर आलेल्यांनी उभी केली. संक्रांत आणि किंग जयंती आठवडाभराच्या अंतरात येतात, आपण तिळगूळ वाटतो, आणि किंगचं नाव निघतं ते फक्त सेल कुठे लागलाय या संदर्भात.

विद्यापीठाचंही सगळं गोड नाही. फोटोंचा सोस दांडगा. काही जण टी-शर्ट घालून ग्रुप फोटो होईपर्यंत होते, नंतर दिसले नाहीत. सत्राला मात्र तोड नव्हती. त्याशिवाय थेट कात्री हातात दिली असती तर मी बागकाम करून परतलो असतो.

दफनभूमीतलं काम वर्षभर शनिवारी चालू असतं. मी अधूनमधून जातो. जयंतीला बसगाड्या भरून माणसं येतात, शनिवारी सगळे मिळून एका गाडीत मावतात, आणि मे महिन्यापर्यंत कापलेल्या जागी आयव्ही परत हिरवी होते. यायचं असेल तर गाडीची सोय आधी ठरवा, घोट्यावर येणारे बूट घाला आणि हातमोजे स्वतःचे आणा. तिथले एकाच मापाचे असतात, मोठ्या.