कॉलेजातल्या मुलांचा गट, आजारी पडायच्या आधी

आमच्याकडे कॉलेजात काउन्सेलर असतात, केबिनवर पाटी असते, आणि तिथे जायचं म्हणजे अख्ख्या कॉरिडॉरसमोरून जायचं, म्हणून मुलं जातच नाहीत, गेलीच तर अगदी टोकाला आल्यावर. मी फोंड्याकडे शिकवते. सत्तरी, डिचोलीसारख्या लांबच्या तालुक्यांतून कदंबाच्या (सरकारी) बसने येणारी काही मुलं पहिल्या सेमिस्टरला मागच्या बाकावर गप्प असतात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर दिसेनाशी होतात, मग अटेंडन्सची नोटीस लागते आणि पुढे कोणी विचारत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की पहिल्याच वर्षी, कोणी मनाने आजारी पडायच्या आधी, मुलांनी एकत्र बसून मनातलं बोलायचे गट सुरू करायला हवेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी हेच करून बघितलं, १९९९ मध्ये छापून आलं. डिप्रेशनचा धोका जास्त असलेले नवे विद्यार्थी, ८ आठवडे, दर आठवड्याला २ तास, आणि नंतर ३ वर्षं पाठपुरावा. चिंतेचा आजार कमी जणांना झाला, मध्यम डिप्रेशनही कमी झालं, तीव्र डिप्रेशनमध्ये मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आणि लांब कशाला, आपल्या पर्वरीच्या संगाथ संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट ट्रेनिंग घेतलेल्या काउन्सेलरांकडून ६ ते ८ भेटींत डिप्रेशनच्या पेशंटना बरं वाटतं हे दाखवलं, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. तिथे एकेकाशी बोलणं होतं, पण पद्धत गटातही चालते. पद्धत अशी की मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता आधी छोटं काहीतरी करायचं. वहीत एका बाजूला काय केलं, दुसऱ्या बाजूला मूड १० पैकी किती. एका मुलीने लिहिलेलं, ‘दिवसभर खाटेवर, २. संध्याकाळी आईसोबत देवळापर्यंत चालत, ५.’ तिने ते वाचून दाखवलं तेव्हा बाजूचा मुलगा म्हणाला, माझंपण अस्संच होतं मगे. एवढं ऐकूनच तिचा चेहरा बदलला, आणि हे एकट्या केबिनमध्ये होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. गोवा एवढासा, कोणीतरी कोणाचातरी भाचा निघतोच, आणि मुलांना भीती असते की इथलं बोलणं आपल्या आधी घरी पोचेल. म्हणून एका गावची, एका वर्गातली मुलं एका गटात नकोत, हजेरी लावायची नाही, शिकवणारे सर-मॅडम आत बसायचे नाहीत (मीसुद्धा नाही), आणि वेळ लेक्चर्सच्या मध्येच हवी, कारण चारनंतर ठेवलं तर वाळपईचं पोर बस सोडून थांबणार नाही.

जीव द्यायचे विचार येतायत असं कोणी बोललं तर गटाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात न्यायचं, नाहीतर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा, फुकट आहे, २४ तास चालतो. हा नंबर नोटीस बोर्डावर नाही, ओळखपत्राच्या मागे छापा, असं मी आमच्या प्रिन्सिपलना सांगितलंय आणि नवीन ॲडमिशन सुरू होईपर्यंत सांगत राहणार आहे.