शब्द मोजता म्हणजे नक्की काय करता?

लेखन कार्यशाळेत चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा जरा चाचरतच विचारतो, जणू माझं एखादं व्यसन उघडं पाडतोय. "ताई, तुम्ही म्हणे लिहून झालं की शब्द मोजत बसता. ललित लिहिणाऱ्या माणसाला ही कारकुनी कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सवय लागली वर्तमानपत्रात. उपसंपादक होते तेव्हा पान लावताना मजकूर जास्त झाला की शेवटून कापला जायचा. कोणाचा आहे, कसा आहे, हे बघायला रात्री अकराला कोणाला वेळ? दोन-तीनदा माझ्याच लेखाचं शेपूट गेलं, आणि म्हणायचं होतं ते नेमकं शेपटात होतं. तेव्हापासून सांगितलेल्या आकड्यात बसवायला शिकले. पण ती जागेची गरज. त्याने लिहिणं सुधारतं असं मुळीच नाही. 'रोज हजार शब्द लिहा' या सल्ल्याबद्दलही माझं तेच मत. हात सुटतो, बाकी काही नाही.

आणि मोजणं हे काही कालचं खूळ नव्हे. मोठ्या अभंगाची अक्षरं मोजून बघा, ६, ६, ६ आणि ४. जुन्या पोथ्यांची लांबीसुद्धा बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून मोजत.

मजा पुढे आहे. संगणकावर लिहायला लागल्यावर मला कळलं की मजकूर वाचायला किती सोपा आहे, याचंही सूत्र असतं. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली अमेरिकेत ते मांडलं. एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात उच्चाराचे किती तुकडे, या दोन गोष्टींवरून गुण. साधारण शून्य ते शंभर. साठ-सत्तर म्हणजे साधी सोपी भाषा, तिसाखाली गेलं की पदवीधराचं काम. १९७५ साली अमेरिकी नौदलासाठी त्यात फेरफार करून ते शाळेच्या इयत्तेत सांगायची सोय झाली.

मी हौसेने एक वाक्य घेतलं. 'आईने घरासमोरच्या अंगणात रांगोळी काढली.' शब्द पाच. तुकडे पाडले: आ-ई-ने तीन, घ-रा-स-मोर-च्या पाच, अं-ग-णात तीन, रां-गो-ळी तीन, काढ-ली दोन. एकूण सोळा. सूत्रात घातले तर उत्तर आलं उणे एकोणसत्तर! बालवाडीतल्या पोरीला कळणारं वाक्य शून्याच्याही खाली. फ्लेशबुवांचा दोष नाही, त्यांनी ते इंग्रजीसाठी केलं होतं. आपण 'घरासमोरच्या' या एका शब्दात जे कोंबतो, त्याला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात.

त्यामुळे मराठीत नुसत्या शब्दसंख्येवरही फार विसंबू नका. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं, हा नियम. 'झाडा खाली', 'जेवणा नंतर' असं तोडून लिहिणाऱ्याचा लेख उगाच लांब दिसतो आणि मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेला की आटतो. डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलीत तर संगणकावरचं मायक्रोसॉफ्ट वर्ड त्या आडव्या रेघेलाही शब्द धरतं.

मग मोजायचं काय? मी सुरुवात केली ती स्वतःच्या लाडक्या शब्दांपासून. भाच्याने पायथन या संगणकाच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहून दिला. माझे वर्षभराचे लेख त्यात ओतले, तर सर्वांत जास्त वापरलेला शब्द निघाला 'त'. त्याच्या मागोमाग 'ह', 'य', 'आह'. भाचा म्हणाला, "मावशी, तू लिहितेस की कण्हतेस?" झालं होतं असं, की त्या प्रोग्रामच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरंच नव्हती. तिथे तिथे तो शब्द तोडत होता. 'मराठी'चे त्याने 'मर' आणि 'ठ' असे दोन शब्द केले होते. शब्द फक्त मोकळ्या जागेवर तोडायचा असं त्याला सांगितल्यावर खरी यादी आली. त्यात 'आणि', 'पण', 'आहे' वर असणारच, ते सोडून द्यायचे. त्यांच्या खाली 'खरं तर' मधला 'खरं' बसला होता. मी इतक्यांदा 'खरं तर' म्हणते हे मला कोणी सांगितलं असतं, तर मी भांडले असते. यादीशी काय भांडणार? आता लेख संपला की तेवढं शोधते आणि बहुतेक ठिकाणी उडवते. वाक्याचं काही बिघडत नाही.

दुसरा शोध 'ण्यात आल' या तुकड्याचा. 'करण्यात आले', 'देण्यात आली', 'ठरवण्यात आला': कोणी केलं ते लपवायची ही सरकारी रीत आपल्या हातात इतकी मुरली आहे की घरच्या हळदीकुंकवाच्या वर्णनातही 'वाण देण्यात आले' येतं. शोधात सापडलं की स्वतःला विचारायचं, कोणी दिलं? सापडणाऱ्यांत अधूनमधून 'पाहुणे पुण्यात आले'ही निघतं. त्यांना राहू द्यावं.

पण सर्वांत उपयोगी पडलेलं माप मला कुठल्या प्रोग्रामने दिलं नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचणारा कर्त्याला हाताशी धरून त्याची वाट बघत उभा असतो. म्हणून नुसती वाक्याची लांबी नाही, कर्ता आणि क्रियापद यांच्यात किती शब्द अडकलेत ते मोजायचं. हे बघा:

'पालिकेने मागच्या आठवड्यात झालेल्या सर्वसाधारण सभेत नगरसेवकांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांना उत्तर देताना रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी आवश्यक तो निधी उपलब्ध करून देण्यात येईल असे सांगितले.'

शब्द तेवीस. 'पालिकेने' आणि 'सांगितले' यांच्यात एकवीस. तेवढ्यात नगरसेवक येऊन गेले, प्रश्न येऊन गेले, आणि आपण पालिकेला विसरलो. आता हे: 'रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी निधी देऊ, असं पालिकेने सांगितलं. मागच्या आठवड्यातल्या सर्वसाधारण सभेत नगरसेवकांनी हा प्रश्न विचारला होता.' सात शब्द वाचले ते वाचले, पण पालिका आणि तिचं सांगणं एकमेकांना चिकटून आले. माझ्या कच्च्या खर्ड्यात हे अंतर बारा-तेराच्या वर गेलं, की मी पेन्सिलीने खूण करते. बहुतेकदा तिथे माझंच म्हणणं धूसर असतं.

आणि शेवटचं, समासातले आकडे. प्रत्येक वाक्यापुढे त्याच्या शब्दांची संख्या लिहायची आणि फक्त आकडे वाचायचे. मागे कार्यशाळेत एक निवृत्त गुरुजी होते. आपल्या पहिल्या शाळेवर लिहून आणलं होतं. समासात आले ८, ९, ८, ७, ९, ८. एकही चूक नाही, आणि सगळी वाक्यं कवायतीला उभी. वाक्यं छोटी असावीत असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, गुरुजी, कागद ठेवा, तोंडी सांगा. फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि मग दोघांनी बसून ते उतरवून काढलं. आकडे आले ४, २७, २, १५. सत्तावीस शब्दांचं ते वाक्य पावसाळ्यात मुलांना एकेक करून खांद्यावरून नदीपार नेण्याचं होतं. लेखात त्याचेच त्यांनी तीन तुकडे केले होते. आम्ही ते पुन्हा जोडलं.

गुरुजींना पटेना. चष्मा काढून म्हणाले, "बाई, सत्तावीस म्हणजे फार लांब नाही होत?" मग स्वतःच एकदा मोठ्याने वाचलं, शेवटच्या 'पोचायचो'पर्यंत, आणि म्हणाले, "असू दे. नदीही काही कमी रुंद नव्हती."